लढाई जिंकून दिली आणि महिन्याभरात नारळ? डाउडिंगबद्दल विचारायचंय

हॅरोकर:

नमस्कार मंडळी, युद्धाचा इतिहास वाचणारे इथे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. मी लंडनच्या हॅरो भागात राहतो, इथून जवळच स्टॅनमोरला बेंटली प्रायरी नावाचा जुना मोठा वाडा आहे, १९३६ पासून तिथे रॉयल एअर फोर्सच्या फायटर कमांडचं मुख्यालय होतं, आता आजूबाजूला फ्लॅट झालेत आणि वाड्यात म्युझियम आहे. लेकीला शाळेत दुसरं महायुद्ध शिकवतायत म्हणून गेल्या रविवारी तिला घेऊन गेलो. एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंगची खोली तिथे जपून ठेवलीय, ती बघताना लेकीने विचारलं की बाबा, या आजोबांनी लढाई जिंकली ना, मग यांना काढून का टाकलं? मला धड उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

मला माहीत आहे ते एवढंच. जन्म १८८२, स्कॉटलंडमधलं मॉफट गाव. आधी तोफखान्यात, सिलोन, हाँगकाँग करत काही वर्षं आपल्याकडे हिंदुस्थानात डोंगरी तोफखान्यातही होता. १९१३ मध्ये तिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकला. १९३६ मध्ये फायटर कमांड सुरू झाली तेव्हा पहिला प्रमुख हाच. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० बॅटल ऑफ ब्रिटन, जर्मनांना आकाशावर ताबा मिळाला नाही, हिटलरचं इंग्लंडवर उतरायचं राहून गेलं. आणि २५ नोव्हेंबरला याच्या खुर्चीत हवाई मंत्रालयातला शोल्टो डग्लस बसलेला! पुढच्या वर्षी हवाई मंत्रालयाने या लढाईवर पुस्तिका काढली त्यात याचं नावसुद्धा नाही. कोणी सांगेल का नेमकं काय झालं? हे निव्वळ राजकारण होतं की त्याचंही काही चुकलं होतं?

स्क्वाड्रन_काका:

हॅरोकर, लेकीला माझ्याकडून शाबासकी, प्रश्न अगदी बरोबर विचारलाय. मी हवाई दलात बरीच वर्षं फायटर कंट्रोलर होतो, म्हणजे जमिनीवर स्कोपसमोर बसून वैमानिकाला शत्रूपर्यंत नेऊन सोडायचं काम. त्यामुळे काढलं का ते इतर लोक सांगतील, मी आधी त्याने केलं काय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय काढल्याचं दुःख कळत नाही.

लोक म्हणतात ब्रिटिशांकडे रडार होतं म्हणून जिंकले. अहो रडार जर्मनांकडेही होतं, आणि यंत्र म्हणून त्यांचं काही बाबतीत सरसच होतं. फरक होता तो रडारने दिलेल्या माहितीचं पुढे काय करायचं यात. त्या काळच्या किनाऱ्यावरच्या रडारला, चेन होम म्हणायचे त्याला, विमान किती लांब आहे हे बऱ्यापैकी कळायचं पण नेमकं कुठल्या दिशेला यात घोळ असायचा, उंची आणि संख्या तर अंदाजपंचे. एकाच टोळीबद्दल तीन स्टेशनं तीन वेगळे आकडे सांगायची. मग डाउडिंगने काय केलं, सगळ्या स्टेशनांचे फोन एकाच जागी, बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूममध्ये आणले. तिथे बसलेली माणसं प्रत्येक स्टेशनच्या अंतराचा कंस नकाशावर काढायची, कंस जिथे एकमेकांना छेदतात तिथे विमान. एवढं साधं. पण हे प्रत्येक मिनिटाला, डझनभर टोळ्यांसाठी, एकही चूक न करता करायचं, आणि मग एकच पक्की खबर ग्रुपला (एका मोठ्या प्रदेशातल्या फायटर तळांची कमान) आणि त्यातल्या सेक्टरला पाठवायची.

बरं, त्या रडारची तोंडं समुद्राकडे. विमान किनारा ओलांडून आत आलं की रडार आंधळं. तिथून पुढे ऑब्झर्व्हर कोअरचे लोक दुर्बिणी घेऊन उघड्यावर बसलेले, शिक्षक, दुकानदार, शेतकरी असे साधे लोक, ते फोन करून सांगायचे. नकाशाच्या टेबलाभोवती महिला हवाई दलाच्या मुली लांब काठीने ठोकळे सरकवायच्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे भाग, ज्या रंगात काटा त्याच रंगाचा बाण टेबलावर ठेवायचा. म्हणजे वरून बघणाऱ्या कंट्रोलरला एका नजरेत कळायचं की ही खबर ताजी की शिळी. मी ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कॉम्प्युटरचा पत्ता नसताना या माणसाने फोन, खडू, ठोकळे आणि माणसं यांचा कॉम्प्युटर बांधला होता!

आणि याचा फायदा काय, तर विमानं उगाच हवेत गस्त घालत ठेवायला लागली नाहीत. पोरं हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलेली असायची, फोन वाजला की पळायचं. पेट्रोल वाचलं, इंजिनं वाचली आणि मुख्य म्हणजे वैमानिकांचा जीव थोडा तरी विसावला. शत्रूकडे फायटर, बॉम्बर मिळून कितीतरी जास्त विमानं असूनही हे पुरून उरले ते यामुळे.

दुसरं, फायटरच्या काचा. हरिकेन आणि स्पिटफायरला समोर बुलेटप्रूफ काच हवी असं म्हणाला तेव्हा बैठकीत लोक हसले होते, तर म्हणाला शिकागोच्या गुंडांच्या गाड्यांना अशी काच मिळते मग माझ्या वैमानिकांना का नाही. मला हा माणूस इथे भेटतो.

अनुराधा_वाई:

काकांनी फार छान लिहिलंय. मी इतिहास शिकवते (कॉलेजला), त्यामुळे थोडं मागून सुरू करते, कारण १९४० ची मुळं मला १९१६ मध्ये दिसतात.

पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत डाउडिंग फ्रान्समध्ये एका विंगचा, म्हणजे काही स्क्वाड्रनच्या गटाचा प्रमुख होता. एका स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकडीची) इतकी माणसं गेली की त्याने वरिष्ठांना, म्हणजे ट्रेंचर्डला सांगितलं यांना मागे घ्या, विश्रांती द्या. ट्रेंचर्ड म्हणजे रॉयल एअर फोर्सचा जनक मानतात तो, त्याचं धोरण कायम हल्ला, कितीही नुकसान होवो. त्याला हा माणूस रडतराऊत वाटला. डाउडिंगला इंग्लंडला ट्रेनिंगच्या कामावर पाठवून दिलं आणि त्या युद्धात परत कधी लढाईवरची कमान दिली नाही. म्हणजे बघा, माणसं वाचवा म्हणाला म्हणून बाजूला पडला, आणि चोवीस वर्षांनी नेमक्या याच स्वभावाने देश वाचवला.

आणि घरचंही सांगायला हवं. १९१८ मध्ये लग्न झालं, १९२० मध्ये बायको गेली, मागे जेमतेम दीड वर्षाचा मुलगा डेरेक. पुढे बहीण हिल्डाने घर सांभाळलं. लोक त्याला स्टफी म्हणायचे, आपल्याकडे घुम्या म्हणू तसं. पार्ट्या नाहीत, गप्पा नाहीत, कोणाची मर्जी सांभाळणं तर नाहीच. मला वाटतं त्या घुमेपणाच्या आत हे सगळं साठलेलं होतं. तोच डेरेक १९४० मध्ये ७४ स्क्वाड्रनमधून लढत होता. म्हणजे बापाने टेबलावर जे ठोकळे सरकताना बघितले त्यातल्या एका ठोकळ्यात पोटचा मुलगा होता, हे मी वर्गात सांगते तेव्हा सगळी मुलं गप्प होतात.

त्याची एक चूकही सांगते कारण ती त्याने स्वतः मान्य केली. १९३० मध्ये संशोधन आणि पुरवठा खातं त्याच्याकडे आलं आणि महिन्याभरातच आर-१०१ या अवाढव्य हवाई जहाजाच्या उड्डाणाला हिरवा कंदील द्यायची वेळ आली. जहाज कुठे निघालं होतं माहितीये? कराचीला, आपल्याकडेच. हवाईमंत्र्यांना घाई होती. फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळून जळालं, ५४ पैकी ४८ माणसं गेली, मंत्रीसुद्धा. मी आणखी चाचण्यांचा हट्ट धरायला हवा होता असं डाउडिंग पुढे म्हणाला. त्यानंतर तो वरच्या दबावाला कधी नमला नाही, आणि माझ्या मते १६ मे १९४० चं पत्र त्यातूनच आलं.

ते पत्र प्रत्येकाने वाचावं. फ्रान्स कोसळत होता, फ्रेंच सरकार आणखी फायटर मागत होतं, चर्चिलला द्यायची होती. डाउडिंगने मंत्रालयाला लिहिलं की तुम्हीच ठरवलं होतं देशाच्या रक्षणाला ५२ स्क्वाड्रन लागतील, आता माझ्याकडे ३६ उरल्यात, किमान किती ठेवणार ते लेखी सांगा. आणि शेवटी, फ्रान्स वाचवायच्या नादात घरची फौज संपवली तर फ्रान्सच्या पराभवाबरोबर या देशाचाही शेवटचा, पूर्ण आणि कधीही भरून न येणारा पराभव होईल. पंतप्रधान नवा, लोकप्रिय, युद्ध पेटलेलं, अशा वेळी नाही म्हणायला छाती लागते.

मुसाफिर७७:

+१ अनुराधाताई. आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते कारणं एकात एक अडकलेली आहेत.

एक तर त्याला निवृत्त करायचं आधीपासूनच चाललं होतं. १९३७ मध्ये हवाई दलप्रमुखपद त्याला डावलून न्यूऑलला दिलं. मग निवृत्तीची तारीख द्यायची, पुढे ढकलायची, पुन्हा द्यायची, पुन्हा ढकलायची. एक तारीख तर १४ जुलै १९४० होती, म्हणजे लढाई सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी! ५ जुलैला पत्र आलं की बरं ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबा. अठ्ठावन वर्षांच्या माणसाला ऐन लढाईच्या तोंडावर असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय, मला वाचतानाही चीड येते.

दुसरं म्हणजे बिग विंगचं भांडण. लंडन आणि आग्नेय इंग्लंड ११ ग्रुपकडे, प्रमुख कीथ पार्क, न्यूझीलंडचा माणूस, डाउडिंगच्या विश्वासातला. त्याच्या उत्तरेला १२ ग्रुप, प्रमुख ट्रॅफर्ड ली-मॅलरी. (सह्याद्रीत आणि हिमालयात भटकणाऱ्यांसाठी, हो, १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीचा हा सख्खा धाकटा भाऊ.) पार्क एक-दोन स्क्वाड्रन जशा तयार होतील तशा पाठवायचा कारण त्याच्याकडे वेळच नसायचा, शत्रू बॉम्ब टाकायच्या आधी गाठायचा तर मोजून काही मिनिटं. ली-मॅलरी आणि त्याच्याकडचा डग्लस बेडर, दोन्ही पाय नसलेला तो जिद्दी वैमानिक, यांचं म्हणणं की चार-पाच स्क्वाड्रन एकत्र बांधून एकदम तुटून पडायचं. ऐकायला भारी वाटतं पण एवढी विमानं हवेत गोळा करण्यात इतका वेळ जायचा की तोवर पार्कच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब पडून गेलेले असायचे, आणि त्या राखायचं काम पार्कने १२ ग्रुपला सांगितलेलं असायचं. शिवाय आकाशात गर्दी झाली की एकच विमान तिघं जण मोजतात. १५ सप्टेंबरला सगळ्या फायटर कमांडचा मिळून दावा होता १८५ विमानं पाडल्याचा, खरी पडली साठच्या आसपास.

बेडरच्या स्क्वाड्रनचा अ‍ॅड्ज्युटंट, म्हणजे कार्यालयीन कामकाज बघणारा अधिकारी, पीटर मॅकडोनाल्ड हा खासदार होता. त्याने थेट वर जाऊन कान भरले. १७ ऑक्टोबरला हवाई मंत्रालयात बैठक झाली, अध्यक्ष शोल्टो डग्लस, आणि तिथे बेडरला, एका साध्या स्क्वाड्रन लीडरला, आणून बसवलेलं. डाउडिंगला आणि पार्कला जणू आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. पाच-सहा आठवड्यांत डाउडिंगच्या जागी शोल्टो डग्लस आणि पुढे पार्कच्या जागी ली-मॅलरी. कोणाचा फायदा झाला ते तुम्हीच बघा.

निशाचर_सातारा:

मुसाफिर, तुमचं बरंचसं पटतं पण चित्र एकतर्फी होतंय. रात्रीचं काय? ७ सप्टेंबरपासून लंडनवर लागोपाठ ५७ रात्री बॉम्ब पडले. १४ नोव्हेंबरला कोव्हेंट्री शहराचा मधला भाग बेचिराख झाला, पाचशेहून जास्त माणसं गेली आणि फायटर कमांड जवळपास काहीच करू शकली नाही. ज्यांची घरं पडत होती त्यांना दिवसाची लढाई जिंकल्याचं काय कौतुक असणार. रात्रीच्या संरक्षणाचा विचार करायला नेमलेल्या सालमंडच्या समितीने सांगितलं की काही हरिकेन तरी रात्री उडवा, डाउडिंग म्हणाला अंधारात नुसत्या डोळ्यांनी शोधून काही मिळत नाही, वैमानिक मात्र मरतील, विमानात बसेल असं रडार हाच उपाय. शास्त्राच्या बाजूने तो बरोबरच होता. पण लोक मरत असताना थांबा, यंत्र तयार होतंय, हे उत्तर कुठल्याही सरकारला चालणार नाही.

आणि पार्क आणि ली-मॅलरी ऑगस्टपासून भांडत होते तर दोघांचा साहेब कोण होता? डाउडिंग. त्याने ली-मॅलरीला समोर बसवून खडसावायला हवं होतं, ते केलं नाही. ग्रुपचं ग्रुपने बघावं म्हणून सोडून दिलं. फिल्टर रूमचं काम ग्रुपकडे वाटून द्या म्हणून मंत्रालय मागे लागलं होतं तिथेही याचा हेका. मी त्याला मोठा माणूसच मानतो, पण लढाईत जो हट्ट कामाला आला तोच नंतर आड आला असं माझं मत आहे.

मुसाफिर७७:

निशाचर, ली-मॅलरीबद्दल मान्य, तिथे तो कमी पडला. पण रात्रीबद्दल एक गोष्ट बघा. विमानात रडार बसवलेल्या ब्यूफायटरने पहिलं जर्मन विमान पाडलं ते १९-२० नोव्हेंबरच्या रात्री, जॉन कनिंगहॅमने. म्हणजे डाउडिंग गेला त्याच्या पाचच दिवस आधी. त्याने जे सांगितलं होतं तेच झालं, १९४१ च्या वसंतात हीच विमानं जर्मनांना जड जायला लागली. त्या पिकाला पाणी याने घातलं आणि कापणीच्या वेळी शेत दुसऱ्याच्या नावावर.

परभणीकर:

एक छोटी भर. या लढाईत डाउडिंगच्या हाताखाली १५२ स्क्वाड्रन होती, स्पिटफायरची, दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलहून लढली. तिला हैदराबादचं नाव मिळालं आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी आहे, कारण निजामाने विमानांसाठी पैसे दिले होते. २५३ स्क्वाड्रनलाही हैदराबादचं नाव. आता आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे तो पैसा शेवटी आमच्या आज्या-पणज्यांच्या सारावसुलीतूनही गेलेला. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. डाउडिंगबद्दल मनात आदर आहेच, पण इंग्लंडच्या स्वातंत्र्याच्या लढाईची किंमत ज्यांना स्वतःचं स्वातंत्र्य नव्हतं त्यांनीही मोजली, हे हॅरोकर तुम्ही लेकीला जरूर सांगा.

मृण्मयी_वानवडी:

मी युद्धावरचं फारसं वाचत नाही, धागा उघडला तो डाउडिंग हे नाव ओळखीचं वाटलं म्हणून, आणि ते ओळखीचं आहे ते वेगळ्याच कारणाने, म्हणून लिहायचं धाडस करते.

आमच्या पुण्यात वानवडीला ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था आहे, प्राण्यांसाठी काम करणारी, डायना रतनागर यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली. रेशीम, फर, चामडं, चांदीचा वर्ख, कशात काय प्राण्यांचं असतं हे मला कॉलेजात असताना त्यांच्याच माहितीपत्रकांतून कळलं आणि मी रेशमी साडी सोडली ती आजतागायत. या संस्थेची मूळ शाखा इंग्लंडमधली, ती १९५९ मध्ये काढली म्युरिएल डाउडिंग यांनी, म्हणजे याच एअर चीफ मार्शलच्या दुसऱ्या पत्नीने! त्यांचे पहिले पती बॉम्बर कमांडमध्ये होते, १९४४ मध्ये गेले. डाउडिंग तेव्हा निवृत्त होते, परलोकविद्येकडे वळले होते, युद्धात मेलेल्या मुलांच्या आईवडिलांची, बायकांची पत्रं त्यांना यायची आणि ते उत्तरं द्यायचे. त्यातूनच दोघांची ओळख झाली, १९५१ मध्ये लग्न केलं. मांसाहार सोडला, थिऑसॉफी मानायचे, आणि लॉर्ड झाल्यावर संसदेत उभं राहून प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध आणि कत्तलखान्यातल्या क्रूरपणाविरुद्ध बोलायचे.

लोक म्हणतात म्हातारपणी भरकटला. मला तसं अजिबात वाटत नाही. वर अनुराधाताईंनी सोमचा प्रसंग सांगितला ना, माणसं मागे घ्या म्हणणारा, तोच माणूस आहे हा. लढाईत त्याची पाचशे चव्वेचाळीस पोरं गेली असं वाचलं. ज्याने एवढी मरणं आकड्यांत नाही, नावागावानिशी मनात ठेवली, तो पुढे मुक्या जिवाच्या दुःखाकडे वळला यात मला तरी सरळ रेघ दिसते.

स्क्वाड्रन_काका:

मृण्मयीताई, हे मला माहीत नव्हतं. वानवडीतून कितीदा गेलो असेन, कधी कळलं नाही. मनापासून आभार.

हॅरोकर, मानसन्मानाचं राहिलं होतं ते लिहितो. १९४३ मध्ये बेंटली प्रायरीच्या नावाने बॅरन केलं. पण मार्शल ऑफ द रॉयल एअर फोर्स हा सगळ्यात वरचा हुद्दा कधीच दिला नाही, शोल्टो डग्लसला मात्र तो मिळाला. लढाईचा स्वतःचा अहवाल त्याने १९४१ मध्येच लिहून दिला होता, तो लोकांसमोर यायला १९४६ उजाडलं. १५ फेब्रुवारी १९७० ला गेला, अस्थी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत बॅटल ऑफ ब्रिटनच्या चॅपेलमध्ये आहेत. लंडनला सेंट क्लेमेंट डेन्स चर्चच्या बाहेर पुतळा आहे, तो १९८८ चा. जवळ आहात तर एकदा लेकीला तिथेही न्या.

हॅरोकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवताना लेकीला हे सगळं सांगितलं, फिल्टर रूमचे कंस तर तिने कंपासने कागदावर काढूनही बघितले. परभणीकर, निजामाच्या पगडीचंही सांगितलं, शाळेत हे कोणी सांगितलं नाही म्हणाली, आता बाईंना विचारणार आहे.

काढलं का, याचं उत्तर मी तिला असं दिलं की काही लोकांना त्याची खुर्ची हवी होती, काही लोक रात्रीच्या बॉम्बने घाबरले होते, आणि तो स्वतः कोणाला जाऊन समजावणाऱ्यातला नव्हता. निशाचर, तुमचा मुद्दाही घेतलाय. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, मग त्याचा मुलगा वाचला का? वाचला म्हटलं. मग जेवायला लागली.

शनिवारी पुतळा बघायला जातोय.